आत्याची साक्ष

भावाचा संसार मोडला तेव्हा ताई सगळ्यांना एकच सांगायची, "टाळी एका हाताने वाजत नाही." तिचं बायकांचं छोटंसं पार्लर होतं. आई-वडील गेल्यावर त्या कमाईवरच तिने धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहूनच गेलं. भावाच्या मुलीवर, चिमणीवर, तिचा भारी जीव. केस कापून घ्यायला पोरगी आत्याकडेच यायची आणि दर वेळी विचारायची, "कान कापलास तर नवा देशील का?"

एक दिवस वहिनी चिमणीला घेऊन माहेरी निघून गेली. कोर्टात तिने सांगितलं, नवरा मुलीला अंधारात कोंडतो. भाऊ म्हणाला, सगळं कुभांड आहे, आईने पोरीला पढवलंय. अंगावर वळ नव्हते, शेजाऱ्यांनी काही ऐकलं नव्हतं. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं तर चिमणी टेबलाचा कोपरा नखाने खरवडत बसली. शेवटी निकाल लागेपर्यंत शनिवार-रविवार मुलीने बापाकडे राहावं, असा हुकूम झाला.

"तुम्ही आमचा हुकमी एक्का," भावाचा वकील ताईला म्हणाला. "घरात मायेचं बाईमाणूस आहे म्हटलं की कोर्टाचं मन वळतं. भाऊ मुलीला बोटही लावत नाही, एवढंच सांगा."

ताईने मान डोलावली. तिला ते खरंच वाटत होतं. शनिवारी पार्लर लवकर बंद करून ती भावाकडे राहायला जाऊ लागली.

अशाच एका रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेर भाऊ चिमणीला विचारत होता, "आईने कोर्टात काय बोलायला शिकवलंय?" पोरगी गप्प. भाऊ ओरडला नाही. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने ताई हात पुसत बाहेर आली, तर तो एकटाच सोफ्यावर बसलेला, आणि बाथरूमला बाहेरून कडी.

तिने कडी काढली, दिवा लावला. चिमणी पालथ्या बादलीवर बसली होती. रडत नव्हती. ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती.

"आत्या, दार लाव ना," ती कुजबुजली. "मध्येच उघडलं की बाबा परत पहिल्यापासून मोजायला लावतो."

ताईने पोरीला उचलून बाहेर आणलं.

"शिस्त लावतोय मी," भाऊ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "आपल्या बाबांनी नव्हतं का कोंडलं आपल्याला? काय बिघडलं?"

"मला अजून लिफ्टमध्ये पाय टाकता येत नाही रे," ताई म्हणाली. मग तिने सांगून टाकलं, "मला साक्षीला उभी करू नकोस. केलीस तर पाहिलं ते बोलेन."

भाऊ हसला. "आपलेच दात, आपलेच ओठ, ताई. तू नाही बोलणार."

वकिलाला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

साक्षीच्या दिवशी ताई पिंजऱ्यात उभी राहिली. "भावाने मुलीला मारलेलं कधी पाहिलंत?" वकिलाने विचारलं.

"नाही."

वकील समाधानाने खाली बसणार, एवढ्यात ती म्हणाली, "कोंडलेलं पाहिलं." आणि बादलीपासून आकड्यांपर्यंत तिने सगळं सांगितलं. वकिलाचा चेहरा उतरला. भाऊ तिच्याकडे टक लावून बघत होता. त्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही.

"वहिनीने सांगायला लावलं का हे?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"वहिनी माझ्याशी बोलतच नाही, बाईसाहेब."

निकाल लागला. मुलीने आईकडे राहायचं. बापाने कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कर्मचाऱ्यासमोर भेटायचं. बाहेरच्या बाकड्यापाशी वहिनी ताईसमोर येऊन थांबली.

"आभार नाही मानणार," ती म्हणाली. "इतके दिवस मी घसा फोडून हेच सांगत होते, तर म्हणे आई सूड उगवतेय. तुम्ही एकदा सांगितलंत आणि खरं ठरलं."

"तुझंही मी ऐकून घ्यायला हवं होतं," एवढंच ताई म्हणाली. वहिनी निघून गेली. पण पुढच्या महिन्यात चिमणीला केस कापायला घेऊन आली आणि स्वतः दाराशी उभी राहिली.

भावाने मात्र संबंध तोडले. मुलीला भेटायला तो कधी जातो, कधी जात नाही, असं कानावर येतं. ताई त्याला अधूनमधून फोन करते, तो कापतो. एकदा मात्र त्याने उचलला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "ठेवतो."

पार्लरच्या खुर्चीतली बाई ताटकळली होती. ताईने डोळे पुसले आणि तिच्या ओल्या केसांत कंगवा घातला.