लुएलाच्या केकचा मैदा

आमच्या चर्चच्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक छापायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्या वहिनीच्या, आर्डिथच्या गळ्यात पडलं. आता ती गेली, ऑर्व्हिलही गेला, म्हणून सांगते. ते दोघं असेपर्यंत तोंड उघडणार नाही असं वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं, आणि मी ते बावीस वर्षं पाळलंय. माझ्यासारख्या बाईने!

नेब्रास्कातल्या आमच्या गावात पाककृती मागितली की नाही म्हणायची पद्धत नाही. हसत हसत लिहून द्यायची आणि त्यातली एक वस्तू गाळायची. सगळ्याच गाळतात. मीही माझ्या बीटच्या लोणच्यातल्या लवंगा गाळल्या होत्या. पण आर्डिथला भलतीच खोड. आलेली प्रत्येक कृती ती घरी करून बघायची, चाखायची, डोळे मिटून बसायची आणि मग पेन्सिलीने कडेला लिहायची, "इथे जायफळ लपवलंय." एकशे ऐंशी कृती! माझा भाऊ चार महिने काय खातोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"नोर्मा, लवंगा किती गं?" तिने मला एक दिवस विचारलं.

"कसल्या लवंगा?"

"चार," ती म्हणाली, आणि लिहून मोकळी झाली. छापताना मात्र तिने कुणाचंच गुपित फोडलं नाही. तिला फक्त जाणून घ्यायचं असायचं.

एकच केक तिला उलगडला नाही. पुस्तकात तो 'सौ. ऑर्व्हिल स्टेनबर्ग' या नावाने छापला गेला. म्हणजे लुएलाचा. आमच्याकडे बाईने जन्मभर रांधावं आणि नाव नवऱ्याचं छापावं, असाच रिवाज होता. त्या केकला जिल्ह्याच्या जत्रेत नऊ वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. आणि नऊही वर्षं दुसऱ्या नंबरची लाल फीत आमच्या आर्डिथला.

पुस्तक निघालं आणि पुढच्या फेब्रुवारीत लुएला वारली. एप्रिलमध्ये तिचा नवरा ऑर्व्हिल आर्डिथच्या दारात उभा. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत विटेसारखा केक. अंगावरचे कपडे ढगळ झालेले.

"पुस्तकात लिहिलंय तसंच सगळं केलं," तो म्हणाला. "चार वेळा केलं. आर्डिथ, हा तिचा नाही हो. घशाखाली काही उतरत नाही माझ्या. तिच्या हाताची चव मी विसरत चाललोय, आणि उद्या तिचा चेहराही विसरलो तर?"

तिने त्याला बसवलं, सूप पाजलं. दुसऱ्या दिवसापासून जी लागली! सहा आठवड्यांत अकरा केक. आंबट साय कमी केली, लोण्याऐवजी चरबी घातली, अंडी फेटून बघितली, न फेटता बघितली. केक उत्तम व्हायचे, पण लुएलाचा व्हायचा नाही. "जाळी बघ ना गं त्याची," ती पुटपुटायची. "आणि तीन दिवस शिळा होत नाही. घरच्या मैद्याला असं जमूच कसं शकतं?" तिला झोप लागेना. मला तर वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

शेवटी तिने ऑर्व्हिलकडे लुएलाची कोठी बघायची परवानगी मागितली. मी सोबत गेले. तो बाहेर गाईंकडे होता. फळीवर दोन पत्र्याचे डबे होते. एकावर 'मैदा', दुसऱ्यावर 'केकचा मैदा'. दुसऱ्याच्या तळाशी थोडं पीठ उरलेलं. आर्डिथने बोट बुडवून चाखलं आणि लगेच पुन्हा एकदा चाखलं.

"काय झालं?"

तिने डबा माझ्यापुढे धरला. मी चाखलं. गोड! वर व्हॅनिलाचा वास. अगं बाई! दुकानातल्या पाकिटाचं, साखर-व्हॅनिला आधीच घातलेलं केकचं तयार पीठ! जत्रेचा पहिला नियमच आहे, पाकिटाचा केक चालणार नाही. गावात कुणाला पत्ता नव्हता, म्हणजे लुएला चाळीस मैलांवरच्या शहरातून पाकिटं आणत असणार, डब्यात ओतून रिकामी पाकिटं तिकडेच टाकून येत असणार.

"नऊ वर्षं!" मी ओरडले. "नऊ वर्षं तुला फसवलं या बयेने! चल, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगू."

"हळू बोल," आर्डिथ म्हणाली. ती हसत होती, रडतही होती. "काय डोकं होतं गं हिचं! पण सगळ्यांना सांगितलं, तर त्या माणसाने खायचं काय?"

ऑर्व्हिलला तिने सांगितलं, "लुएलाचा मैदा वेगळा असायचा. मी तो साखर घालून, चाळून देत जाईन. तुम्ही फक्त अंडी, तेल आणि आंबट साय घाला." पुढच्या रविवारी तो केक घेऊन चर्चमध्ये आला. स्वतः केलेला. दोन तुकडे खाल्ले त्याने. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत बसला.

तेव्हापासून आर्डिथ दर आठवड्याला दोन पाकिटं आणायची आणि तो डबा भरून द्यायची. पण आम्हा दोघींनाही गाडी चालवता येत नव्हती, आणि माझ्या भावाला शहरात धाडावं तर त्याच्या पोटात कुठलंच गुपित राहत नव्हतं. मग घ्यायची कुठून? गावातल्याच दुकानातून. आता दुकानातली बाई गप्प बसेल होय?

ऑगस्टमध्ये जत्रा भरली. आर्डिथने पहाटे उठून केक केला होता, सगळा घरचा. लुएला नसताना निळी फीत तिचीच, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तेवढ्यात बर्नाडीन, फिती वाटणारी, सगळ्यांसमोर म्हणाली, "आर्डिथ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण विचारावं लागतंय. दर आठवड्याला दोन पाकिटं कुणासाठी गं?"

ऑर्व्हिल मागेच उभा होता, हातात टोपी घेऊन.

मी तोंड उघडलं, तर आर्डिथने माझा दंड असा आवळला की आठवडाभर वळ होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

बर्नाडीनने आर्डिथचा केक बाद म्हणून उचलून टेबलाखाली ठेवला. मग कुजबुज सुरू झाली. म्हणे पुस्तकासाठी दुसऱ्यांच्या कृती तपासत होती! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संध्याकाळी ऑर्व्हिल आला. कागदात गुंडाळून त्याच्या केकचा तुकडा घेऊन आला होता.

"खा," तो अवघडून म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. पाकिटाचा केला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पण आर्डिथ, लुएलाने कधी केलं नसतं हो असं."

मी आर्डिथकडे बघितलं. तिने तुकडा घेतला.

"नाहीच केलं तिने," ती म्हणाली, आणि शेवटच्या कणापर्यंत सगळा खाल्ला.