न बांधलेले हात

गिरणीवाल्या अक्काने एकदा डूख धरला की नागिणीनेही तिच्याकडे शिकवणीला यावं. सगळा जन्म गिरणीच्या घरघरीत गेला, त्यामुळे ती कानात कुजबुजली तरी समोरचा दुकानदार वळून बघायचा. नवरा नाही, मूल नाही. होता तो एक धाकटा भाऊ, राजा. वय चाळिशीचं, समज लहान पोराएवढी, पण कामाला चोख. पीठ पडू लागलं की पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि अक्का "सोड" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. एकदा गिऱ्हाइकाशी भांडण्याच्या नादात ती "सोड" म्हणायला विसरली, तर हा पठ्ठ्या भांडण मिटेपर्यंत भरली पिशवी धरून उभा.

गेल्या वर्षी त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. भेटीची वेळ संपली तशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी अक्काला बाहेर काढलं. हा ताईशिवाय घाबरतो हो, असं तिने परोपरीने सांगितलं. नियम म्हणजे नियम, एवढंच उत्तर मिळालं. राजा ताईला शोधायला सारखा पलंगावरून उतरू लागला, म्हणून सिस्टरांनी त्याचे दोन्ही हात बँडेजने कठड्याला बांधून टाकले. सकाळी अक्काने मनगटावरचे वळ पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईला याच वॉर्डात रडवली नाही तर नावाची अक्का नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. लोक दळण न्यायला यायचे आणि सिस्टरांच्या नावाच्या शिव्या फुकटात ऐकून जायचे.

यंदा दुसऱ्या बाजूला हर्निया निघाला. तोच वॉर्ड, त्याच सिस्टर. पण झालं भलतंच. सिस्टर स्वतःहून पुढे आल्या. हल्ली अशा पेशंटजवळ घरचं माणूस राहू देतात, तुम्ही खुशाल थांबा, असं मऊ आवाजात म्हणाल्या. अक्काला हवं होतं ते हेच, पण मिळालं तसं कडू लागलं. आता मऊ होते काय ही? सांभाळू दे की एकटीला! राजा वॉर्ड डोक्यावर घेईल, मग येईल पाय धरत.

"नियम म्हणजे नियम," अक्का म्हणाली. दुपारी भेट संपल्याची घंटा होताच राजाच्या गालावरून हात फिरवून ती चालती झाली.

गेली कुठे? वॉर्डच्या खिडकीखालच्या बाकावर. चहावर चहा रिचवत, कान टवकारून बसली. आत हूं नाही की चूं नाही. मेल्याला आजच शहाणपण सुचलं का, म्हणून ती राजावरच चिडली.

संध्याकाळी भेटीची वेळ झाली तशी ती आत गेली. राजा उताणा पडला होता. दोन्ही हात दोन्हीकडच्या कठड्यांवर, मुठी घट्ट आवळलेल्या. पट्टी कुठेच नव्हती. शेजारी सिस्टर भरलेलं ताट घेऊन उभ्या होत्या. तुम्ही गेल्याबरोबर त्याने स्वतःच हात असे ठेवले, तेव्हापासून पाण्याचा घोट घेतलेला नाही, मी हात लावला नाही हो, असं त्या काकुळतीने सांगत होत्या. उद्या ऑपरेशन होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता.

"राजा, सोड," अक्का म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं नाही. त्याने सिस्टरांकडे पाहिलं.

वर्षभर दात धरला या बाईवर, आणि आज माझ्या पोराला बांधून गेलं कोण? मीच की! हे कळलं म्हणून अक्काचा राग निवला नाही. उलट दोघींना पुरून उरेल एवढा झाला.

"तुम्ही बांधलं होतंत. तुम्हीच सोडवा." हे मात्र ती इतकं हळू बोलली की शेजारच्या पलंगालाही ऐकू गेलं नाही.

"अहो, बांधलेलंच नाही काही. सोडवू काय?"

"तेच सोडवा."

सिस्टर स्टुलावर बसल्या. सोड राजा, सोड बाळा, म्हणत राहिल्या. तो नुसता बघत राहिला. म्हणता म्हणता त्यांचा आवाज फुटला, डोळे वाहू लागले. अक्काने ते नीट बघून घेतलं आणि तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. शेवटी राजाची एक मूठ उघडली. अक्काने तो हात आपल्या हातात घेतला.

तेवढ्यात घंटा झाली. भेटीची वेळ संपली, सिस्टरांची ड्युटीही संपली. डोळे पुसत त्या उठल्या. अक्काने पायाने स्टूल पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "एक हात राहिलाय."