जाळं जुळेपर्यंत

"पाण्याला दार नसतं, म्हणून तर इचारून आत जावं," असं धुरपताबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती आपल्याच लेकाला. वैजनाथ तेव्हा पोहायला शिकत होता आणि काठावरून पळत येऊन धाडकन पाण्यात उडी टाकत होता. तिने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, पाण्याला हात लावायला लावला, तोच हात कपाळाला लावायला लावला, आणि मग सोडलं. त्या पाण्यात साती आसरा या जलदेवता राहतात असं वस्तीतल्या म्हाताऱ्या सांगत. धुरपताबाई तसं काही सांगत नसे. पाण्यात मासे राहतात, आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस निदान खाकरतो, एवढंच तिचं म्हणणं.

कळमनुरीच्या पलीकडे डोंगरांच्या ओंजळीत अडवलेलं ते धरणाचं पाणी. काठावर भोयांची वस्ती. या घरांत रीत अशी की पाण्यात बाप्यांनी जावं आणि बाजारात बायांनी. धुरपताबाईही सून होऊन आली तेव्हा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आखाडा बाळापूरच्या बाजाराला जायची. नवरा संतराम जाळं टाकायचा. वैजनाथ अजून शाळेतही जात नव्हता तेव्हा संतराम काविळीने गेला. दहाव्या-तेराव्याचं आटोपल्यावर भावकीने विचारलं, आता संतरामचं पाणी कोण धरणार?

कारण प्रत्येक घराला धरणातला एकेक तुकडा वाटून दिलेला होता. कागदावर नव्हे, तोंडी. संतरामच्या वाट्याला आला होता चिंचेचा कोपरा. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या गावची एक चिंच तिथे होती. ती केव्हाच वाळली, पण पडली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिच्या काळ्या फांद्या वर येत. कुणी बुडता बुडता हात वर करून तो खाली घ्यायचं विसरून गेल्यासारखं वाटे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुरपताबाईने संतरामचा तराफा पाण्यात ढकलला. तराफा म्हणजे काय, खताच्या पोत्यात शिवलेले थर्माकोलचे जाड तुकडे. पदर खोचून ती त्यावर पालथी झाली आणि हातांनी पाणी कापत निघाली. काठावर बाप्ये जमले.

"वैनी," संतरामचा चुलतभाऊ तातेराव ओरडला, "पाटीवर बसून बाजारला चालली व्हय?"

"येता येता तुमाला घेऊन येईन भाऊजी," ती मान न वळवता म्हणाली. "पाटीत लई जागा हाये."

तातेराव हसला तो आयुष्यभर तिच्या बाजूचा झाला. पुढे तोच मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झाला, आणि चिंचेच्या कोपऱ्यावर कुणी डोळा ठेवला की म्हणायचा, "तिथं बाई नांगर टाकून बसली, तुमी काहून मधी जाता?"

वैजनाथ त्या कोपऱ्यात वाढला. जाळ्याची वरची कड तरंगती राहावी म्हणून माय जुन्या चपलांचे तुकडे बांधायची, ते कापून द्यायचं काम त्याचं. त्यात त्याच्या लहानपणच्या चपलाही होत्या. आपण चाललेली पावलं पाण्यावर तरंगताना त्याला दिसत.

मग पलीकडच्या काठावर बोट क्लब आला. लाल जॅकेटं, प्लास्टिकच्या खुर्च्या, रविवारी नांदेड-हिंगोलीहून येणाऱ्या गाड्या. क्लबचा मॅनेजर दिपक राठोड जवळच्याच तांड्यावरचा. त्याची आई मिराबाई अर्धं आयुष्य धुरपताबाईकडून झिंगे घेत आलेली. धरणाचा तळ ज्याला ठाऊक आहे असा ड्रायव्हर दिपकला हवा होता, आणि तो वैजनाथशिवाय दुसरा नव्हता. नोकरीचा निळा शर्ट मिळाला त्या रात्री धुरपताबाईने तांब्यात निखारे घालून तो स्वतः फिरवला. एक सुरकुती ठेवली नाही. शितल, तिची सून, म्हणाली, "आत्याबाई, लायटीची इस्तरी हाये की घरात."

"तिला काय कळतं," धुरपताबाई म्हणाली.

दोन हंगाम बरे गेले. पण बोटींना पक्का धक्का पाहिजे होता. रस्त्यालगत आणि खोल असं पाणी फक्त एकाच ठिकाणी होतं. चिंचेच्या कोपऱ्यात. तिथे जेट्टी, पुढे तरंगतं हॉटेल, दिव्यांच्या माळा. जाळी तिथून उठणार. सोसायटीतल्या तरण्यांना ते पसंत होतं, त्यांना नोकऱ्या दिसत होत्या. अडलं होतं एका धुरपताबाईपाशी. ज्याचं पाणी त्याने हो म्हटल्याशिवाय सोसायटी हो म्हणत नसे. तो कोपरा गेला तर तिने पुन्हा दुसऱ्याची मासळी डोक्यावर घ्यायची, नाहीतर दारात बसून राहायचं. आणि तो नाही मिळाला तर क्लब आपली बोट दुसऱ्या कुठल्या पाण्यावर नेणार, वैजनाथची नोकरी तिच्याबरोबर जाणार. हे दोघांनाही माहीत होतं. दोघं एका ताटलीत भाजी घेऊन जेवत आणि यावर अवाक्षर काढत नसत.

अशात तिचं जाळं फाटलं.

संध्याकाळची फेरी होती. सूर्य खाली आला की धरणावर तांब्याचा पत्रा अंथरल्यासारखं होतं, डोळे उघडत नाहीत. बोटीत एक कुटुंब फोटो काढत होतं. वैजनाथने चिंचेजवळ बोट वळवली, आणि इंजिनाने घशात काही अडकल्यासारखा आवाज केला. त्याने इंजिन बंद केलं. पंख्याला जाळं गुंडाळलेलं होतं. त्यात चपलेचा एक छोटा तुकडा होता. निळ्या पट्ट्याचा. तो त्याने ओळखला.

भोयांमध्ये याचीही एक रीत आहे. दुसऱ्याचं जाळं कुणाकडून फाटलं तर पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत. फाडणाऱ्याने जाळंवाल्याच्या दारात येऊन बसायचं आणि स्वतःच्या हाताने ते विणून द्यायचं. आणि जाळं जुळेपर्यंत त्या दोघांनी पाण्याविषयी एक शब्द बोलायचा नाही. बाकी सगळं बोलायचं. मीठ मागायचं, लग्नाला जायचं. पाण्याचं नाही.

वैजनाथ बसायला तयार होता. दिपकने त्याला थांबवलं. "तू क्लबचा माणूस हाय. तू बसलास म्हंजे क्लबनं चूक कबूल केली, उद्या सगळी वस्ती जाळे घेऊन दारात येईल. थांब जरा. मी मावशीला नवं कोरं जाळं आणून देतो. माझा काय जीव न्हाई का तिच्यावर?"

वैजनाथ थांबला. फाटलेलं जाळं दारापुढच्या कडुलिंबाच्या फांदीवर लटकत राहिलं. धुरपताबाई त्याच्याशी बोलत होती. शेंगदाण्याची चटणी घे म्हणायची, शितलला माहेरी सोडून ये म्हणायची. ती काय बोलत नाही ते त्याला प्रत्येक वाक्याच्या मागे ऐकू येई.

फाडणाऱ्याने त्या पाण्यात जायचं नसतं, म्हणून त्याने बोट चिंचेकडे नेणं सोडलं. लोकांनी विचारलं तर सांगे, तिकडं मगर हाये. चार दिवसांत दिपकने त्याला ऑफिसात बोलावलं.

"मगर काहून सांगितली रे? आता जो येतो तो मगरच मागून राहिला."

एका सकाळी शितल भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाला एक सांगू का? त्या दिवशी आत्याबाईनं जाळं नेहमीच्या जागी टाकलंच नव्हतं. चिंचेच्या पल्याड नेलं होतं. मला म्हणल्या, पोराची बोट सरळ जाते, मधी आपलं लचांड नको. त्याला वळसा पडतो."

वैजनाथचा घास हातातच राहिला. कारण तो त्या संध्याकाळी सरळ गेला नव्हता. मायचं जाळं नेहमीच्या जागी असणार म्हणून त्याने मुद्दाम चिंचेच्या पलीकडून वळसा घेतला होता.

तो उठून बाहेर आला. धुरपताबाई अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होती. तिने वर पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण हे बोलणं पाण्याचं होतं.

"ऊन लई हाये आज," तो म्हणाला.

"टोपी घाल," ती म्हणाली.

सोसायटीची बैठक समाजमंदिरात भरली. पंखा होता, लाईट नव्हती. तातेराव भिंतीला टेकून बसला होता, समोर सतरंजीवर वस्ती. निळ्या शर्टातला वैजनाथ दिपकच्या शेजारी बसला, बसताना त्याला आपण चुकीच्या काठावर उतरलो असं वाटलं. धुरपताबाई शेवटी आली. तिच्या खांद्यावर बोचकं होतं.

दिपकने सरळ बोलायचा प्रयत्न केला. "मावशी, तुमच्या हातचे झिंगे खाऊन मोठा झालो मी. तुमच्या पोटावर पाय द्यायला न्हाई आलो. धक्का झाला तर इथल्याच पोरांना काम हाये. वैजनाथला पर्मनंट करून टाकतो. आन हे तुमच्यासाठी." त्याने प्लास्टिकच्या पिशवीतलं नवं जाळं पुढे सरकवलं. पांढरंशुभ्र, मशीनवर विणलेलं, अजून एकाही माशाने न पाहिलेलं. "जुनं राहू द्या आता. तुमी फकत हो म्हणा."

"वैनी," तातेराव हळू म्हणाला, "तुमचं पाणी हाये. बोला काय ते. कोणी जोर करून न्हाई राहिलं."

धुरपताबाईने नवं जाळं उचललं. बोटांत धरून पाहिलं, बाजारात कापड पाहावं तसं, आदराने. मग ते नीट घडी करून दिपकच्या मांडीवर परत ठेवलं. तिने बोचकं सोडलं. फाटकं जाळं सतरंजीवर पसरलं. त्याला धरणाचा वास होता, शेवाळ वाळून हिरवी पूड झाली होती. सगळ्यात मोठ्या भगदाडाजवळ तिने दोऱ्याची रीळ ठेवली आणि बांबूची सुई ठेवली. ती संतरामची होती. धरून धरून मधोमध झिजलेली.

"हे काय मावशी?" दिपक म्हणाला. त्याने वैजनाथकडे पाहिलं. "काय म्हणून राहिल्या त्या?"

"काही न्हाई म्हणत," वैजनाथ म्हणाला. "म्हणताच येत न्हाई तिला. जाळं जुळेपर्यंत."

तो उठला. बोटीची चावी त्याने खिशातून काढून सतरंजीच्या कडेला ठेवली, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि जाळ्यापाशी मांडी घालून बसला. सुई हातात घेतली. पहिली गाठ चुकली. त्याने ती सोडवली. कुणी हसलं नाही. दुसरी बसली.

"वैजनाथ, अरे बैठक चालू हाये," दिपक म्हणाला.

"बैठक जाळं जुळल्यावर," तातेराव म्हणाला. "तवर कोपऱ्याचं बोलणं न्हाई. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. रीत हाये." मग त्याने भगदाडाकडे पाहिलं. "लई मोठं फाडलं बेट्यानं. साहेब, तेवढं टोक धरा. ताणल्याशिवाय जाळ्याचे डोळे सारखे येत न्हाईत."

"मी?"

"तुमचीच बोट व्हती न."

दिपकने नवं जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं, पँट गुडघ्यापाशी थोडी वर ओढली आणि पुढे सरकून टोक धरलं. जास्तच ताणलं. "ढिलं सोडा," वैजनाथ म्हणाला. "आनखी. बास." लहानपणी माय त्याला याच आवाजात सांगायची.

धुरपताबाई उभी राहून बघत होती. वैजनाथची मान खाली होती, तरी त्याला तिची सावली गाठीवर पडलेली दिसत होती. तो घाई करत नव्हता. गाठ मारायची, डोळा मोजायचा, दोरा ओढायचा. एका डोळ्यापाशी चपलेचा तो निळ्या पट्ट्याचा तुकडा अर्धा तुटून लोंबत होता. तो काढून टाकावा की काय, म्हणून त्याने मान वर केली.

ती खाली वाकली. तुकडा आपल्या हाताने सरळ केला, त्याच्या बोटाशी आणून ठेवला, म्हणजे तिथेच बांध. उठताना तिचा हात त्याच्या डोक्यावरून गेला. ओला नसतानाही तो हात त्याला ओला वाटला.

मग तिने पदर डोक्यावर घेतला, उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली.