पाकीट न फोडता

वंदनाताई स्क्रीनवरचा आलेख बघताना टेबलावर बोटं वाजवायच्या. छोट्या पाकिटाला करंगळी, मोठ्याला अंगठा. मग सहज सांगायच्या, “सर, तीन नंबरच्या लाइनवर फोन चाललाय. सातवर पिक्चर.”

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या इंटरनेट पुरवणाऱ्या ऑफिसात त्या तक्रारींचे फोन घ्यायच्या. शिक्षण बारावी. मी इंजिनिअर. ग्राहक काय बघतो हे आम्हाला दिसत नाही, सगळं कुलूपबंद असतं. दिसतो तो फक्त माहितीच्या पाकिटांचा आकार, त्यांच्यातलं अंतर आणि दिशा, म्हणजे ग्राहकाकडे खाली येतात की त्याच्याकडून वर जातात. तेवढ्यावरून कुठलं अ‍ॅप चालू आहे हे ओळखणारा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. तो चुकायचा. वंदनाताई चुकायच्या नाहीत, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

“पाकीट फोडायचं न्हाय, नुसतं तोलायचं,” हे त्यांचं नेहमीचं. “बोलणं बारीक बारीक, दोन्हीकडनं चालतं. पिक्चर गठ्ठ्यानं येतो, मग दम खातो.” जे कळेल ते त्या शंभरपानी वहीत टिपून ठेवायच्या.

वडप्याच्या एका गोदामात लाइन सारखी तुंबायची. माझ्या प्रोग्रॅमने सांगितलं, हमाल व्हिडिओ बघतात. आम्ही दोघं तिथे गेलो, तर मॅनेजर त्यांचे मोबाईल जमा करायला निघाला होता. वंदनाताईंनी माझ्या लॅपटॉपवरचा आलेख बघत बोटं वाजवली. “थांबा वो. माल खाली येत न्हाय, वर चाललाय. कॅमेरे हायेत तुमचे.” कॅमेरेच निघाले. मॅनेजरने त्यांच्यासाठी चहा मागवला आणि मला वायर तपासायला सांगितली. माझा नुसता जळफळाट झाला.

पुढे मुख्य ऑफिसात पाकिटांवरून अ‍ॅप ओळखायच्या कामासाठी एक जागा निघाली. वंदनाताईंनीही अर्ज केला होता. दुपारी त्या डबा धुवायला गेल्या की मी वहीच्या नव्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करायचो. प्रोग्रॅम सुधारला. जागा मला मिळाली.

निघायच्या दिवशी त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली.

“घ्या सर. आता फोटो काढायला नको.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण सांगणार? परत आल्यावर आपल्या ऑफिसच्या लाइनचा आलेख बघायची. मी डबा धुवायला गेली की तुमच्या मोबाईलवरनं जाड पाकिटं वर जायची. ज्या दिवशी मी वहीत काय लिवलं न्हाय, त्या दिवशी न्हाय जायची.” त्यांनी टेबलावर तीनदा अंगठा वाजवला. “फोडून बघितलं न्हाय मी.”

मला लाज वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. त्यांच्या जागी मी असतो, तर मला हे ओळखता आलं नसतं.