बाहुली कपाटात, मी पलंगावर

मॅडमनी माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि हातातली पट्टी माझ्या टाचेवर टेकवली.

"बघा. या भेगा बघा. यातली माती बघा. असा पेशंट आला की आधी धुऊन काढायचा, मग हात लावायचा."

पलंगाभोवती वीस-पंचवीस मुली उभ्या होत्या. दोघीतिघींनी ओढणी नाकाला लावली. मी सकाळी अंघोळ करून, टाचा दगडानं घासून आले होते. पण भेगेत बसलेली शेतातली काळी माती दगडानं निघत नाही. कापूस वेचायला जायला लागल्यापासून ती तिथे आहे. हे मला सांगायचं होतं. पण मी बेशुद्ध होते.

म्हणजे तसं ठरलेलं होतं. बेशुद्ध पेशंटनं बोलायचं नसतं.

धुळ्याला देवपुरात एका खाजगी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरायचा. गरीब वस्तीतल्या मुलींसाठी नर्सिंग असिस्टंटचं मोफत प्रशिक्षण, सहा महिने. आमचा पाडा शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. दहावी झालेल्या मुली तिथे बोटावर मोजण्याइतक्या. मावशी पांझरेच्या काठच्या वस्तीत राहते, तिच्या खोलीत राहून मी शिकायला लागले. पहिल्याच दिवशी आमची दहावीची मूळ गुणपत्रकं जमा करून घेतली. मुली मध्येच सोडून जातात, म्हणून. कोर्स संपला की सर्टिफिकेटसोबत परत मिळतील, असं सांगितलं.

त्याच दिवशी मॅडमनी यादी वाचली. माझं आडनाव आणि गाव आलं तेव्हा त्या थांबल्या, मला खालून वर पाहिलं. "तू झोप. पेशंट हो. तुम्हाला जमिनीवर झोपायची सवय, इथे तर गादी आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. एवढ्या मुलींतून मला निवडलं असं वाटलं. तशी गादी मी जन्मात पाहिली नव्हती. त्या आठवड्यात मायला फोन करून सांगितलं, की मला सगळ्यांच्या मधोमध ठेवतात. माय म्हणाली, "चांगलं शे, बेटा." आज ते आठवलं की अजून अंगाची लाही लाही होते.

दुसऱ्या दिवशीही मीच झोपले. तिसऱ्या दिवशीही. मग विचारणंच बंद झालं. मी आले की चपला काढून थेट पलंगावर जायचं. अंगावर चादर, चादरीच्या कडा दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेल्या, हात आत. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. एकदा मी मान झटकली तर मॅडम म्हणाल्या, "बेशुद्ध पेशंट माशी उडवतो का?" दुपारपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. पंख्याच्या एका पात्यावर कोळ्याचं जाळं होतं. ते मला पाठ झालं होतं.

कोपऱ्यात काचेचं कपाट होतं. त्यात एक बाहुली होती. माणसाएवढी, गोरीपान, डोळे उघडे, अंगावर अजून प्लॅस्टिक. मुलींनी शिकावं म्हणून ती आणलेली होती. मॅडम तिची काच रोज स्वतः पुसायच्या. एकदा मी धीर करून म्हणाले, "मॅडम, एक दिवस बाहुलीला झोपवा ना. मलाही करू द्या."

"आणि ती फाटली तर?"

मुली पुन्हा हसल्या. रेखा तेवढी हसली नाही. रेखा धुळ्याजवळच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. तिचा हात सगळ्यांत हलका.

हो, हात मला ओळखता यायचे. डोळे मिटून सांगितलं असतं कोण आलंय. कुणी बीपीचा पट्टा इतका आवळायची की बोटं सुन्न व्हायची. कुणी नाडी अंगठ्यानं बघायची, आणि अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते, हे मॅडमनी सांगितलेलं विसरायची. कूस बदलताना आधी सांगितलं नाही तर माणसाला विहिरीत पडल्यासारखं वाटतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. रेखा हळूच सांगायची, "वळाडस आते." मग भीती वाटायची नाही.

चौथ्या महिन्यात सुट्टीला घरी गेले. शेजारच्या म्हातारीला ताप भरला होता, डोळे फिरवत होती. बाया मला बोलवायला आल्या. नर्सबाई आली म्हणे पाड्यावर. मी म्हातारीचं मनगट धरलं. काहीच लागेना. बोट इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. तिची नाडी चालू असणार, कारण ती कण्हत होती. पण माझ्या बोटांना ती सापडली नाही. सगळ्या बाया माझ्या हाताकडे बघत होत्या.

एक जण म्हणाली, "काय शिकनी वं तू तठे?"

माय मध्ये पडली. "शिकी जाई. आते नवी शे."

मग जीप बोलावून म्हातारीला शिरपूरला नेलं. ती वाचली. त्यात माझा काही हात नव्हता. मी घराच्या मागे जाऊन बसले आणि माझे हात बघत राहिले. चार महिने वर्गातल्या प्रत्येक मुलीनं माझी नाडी मोजली होती. मी कुणाचीच मोजली नव्हती. मॅडमचा राग आला. पण त्याहून जास्त, पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर हसलेल्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, राग आला.

परत गेले आणि चादरीखाली शिकायला लागले. हात आत खोचलेले असायचे, कुणाला दिसायचे नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर. पहिल्या दिवशी हुकलं. दुसऱ्या दिवशीही. मग सापडली. माझीच नाडी, बोटाखाली टकटक करत. मी काट्याकडे बघत मनातल्या मनात मोजत होते आणि मॅडम वरून शिकवत होत्या. त्यांना वाटत होतं मी बेशुद्ध आहे.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी मला जिन्यातच गाठलं. "तुझी परीक्षा घ्यायची गरज नाही. तुझे मार्क मी भरते. तू नेहमीसारखी झोप."

मी झोपले. रेखानं चादर खोचली, घट्ट, कारण तिलाही मार्क हवे होते. जळगावहून आलेले परीक्षक सर एकेक नंबर पुकारत होते. एकेक मुलगी येत होती, मनगट धरत होती, सोडत होती. मग माझा नंबर आला.

"तिचं झालंय, सर," मॅडम म्हणाल्या.

"माझं झालं नाही."

आवाज इतका बारीक निघाला की मीच दचकले. मॅडम हसून म्हणाल्या, "पेशंट बोलायला लागला बघा."

मी चादर लाथेनं उपसली. एका झटक्यात निघाली नाही, दोनदा पाय मारावा लागला. रेखा कानाशी वाकली, "उठू नको, बेन. तुना कागद अडकाई ठेवतीन." तिचं खरं होतं. मी उठले.

"सर, मला नाडी मोजून दाखवायची आहे. कूसही बदलून दाखवते."

"पण मग पेशंट कोण?"

मी कपाटाकडे बोट केलं. कूस बाहुलीची बदलता येईल, नाडी कुणाच्याही हातावर मोजता येईल. मॅडम म्हणाल्या, किल्ली घरी राहिली. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला लटकत होती. सगळ्या मुलींनी ती बघितली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"मग मॅडम, तुम्ही झोपा."

मॅडमचा चेहरा लालबुंद. "फुकट शिकवतो म्हणून माज आला का तुला?"

"फुकट नाही शिकवलं. माझ्या अंगावर शिकवलं."

मग मी परीक्षकांपुढे गेले. "सर, तुमचा हात द्या. एकच मिनिट."

त्यांनी हात खिशात घातला. माझ्या टाचांकडे पाहिलं. "हे तुमचं तुम्ही मिटवा, मॅडम," म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. पुढची मुलगी आली. पलंग रिकामा होता. शेवटी रेखा आडवी झाली. माझ्याकडे न बघता.

यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे लिहिलं होतं, गैरहजर. सहा महिन्यांत एक दिवस खाडा न करता मी त्या खोलीत पडून होते.

गुणपत्रक अजून त्यांच्याकडेच आहे. दोनदा मागायला गेले. कोर्स पूर्ण नाही म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून दुसरीकडे प्रवेश नाही. मावशी म्हणते, पाय धर, माफी माग, आणखी एकदा झोपून राहिली असतीस तर काय बिघडलं असतं. मला भीती वाटते. पाड्यावर जाऊन काय सांगू, हे कळत नाही, म्हणून जात नाही. मावशीच्या खोलीत बसून तिची, तिच्या सासूची, येईल त्या बाईची नाडी मोजते. आता कुणाचीही हुकत नाही.

सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. कुठल्यातरी पाड्यावरची, कुठल्यातरी वस्तीतली मुलगी येईल. तिलाही गादी बघून आनंद होईल.

मी त्या वर्गाच्या दारात उभी राहणार आहे. हाकललं तर जिन्यात, जिन्यातून हाकललं तर रस्त्यावर. कागद मिळेपर्यंत रोज. आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला एकच सांगणार आहे. मॅडम म्हणतील, "तू झोप." तू म्हण, "आधी तुम्ही."