पाऱ्याचं पथ्य

पोंता ग्रांदे गावात झुल्मिराला नावानं कुणी हाक मारत नसे. ती साऱ्या गावाची मावशी. तापाजोस नदीच्या काठावर चाळीस घरं, आणि त्या घरांतल्या तापाची, जुलाबाची, बाळंतपणाची चौकशी करत फिरणं हे सरकारनं तिला दिलेलं काम. शिक्षण आठवीपर्यंत. होडी स्वतःची, वल्हंही स्वतःचं. सरकारचं म्हणून एक निळं जाकीट आणि तान्ही मुलं टांगून तोलायचा काटा. तेवीस वर्षं तिनं हे काम केलं, आणि तेवीस वर्षं लोकांनी तिचं ऐकलं. पुढं नडलं ते हेच.

नदीच्या वरच्या अंगाला सोन्याच्या खाणी आहेत. सोनं धरायला तिथं पारा ओततात, आणि नदी तो मुकाट्यानं खाली आणते. शहरातली विद्वान मंडळी दरवर्षी यायची, बायकांच्या मानेवरचे केस पारा मोजायला मुळाशी कापून पाकिटात भरायची आणि आकडे घेऊन परतायची. इथल्या बायकांच्या अंगात पारा फार, पोटातल्या बाळांच्या मेंदूला धोका आहे म्हणायची. दुसऱ्या माशांना गिळणारे मोठे मासे टाळा, फळं खाणारे खा. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन तसलाच मोठा सुरुबी मासा कालवणात टाकायचे. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यांचं तरी काय चुकलं? ज्याला वास नाही, चव नाही, त्याला माणसानं भ्यायचं कसं?

तोड मावशीनं काढली. त्या काठावर ‘रेमा’ मानतात. काही मांसांत आणि माशांत रेमा असते, ती रक्त नासवते, जखम चिघळवते. बाळंतिणीनं चाळीस दिवस असा घास तोंडाला लावायचा नाही, नाहीतर दुधातून बाळाला बाधते. कितीही शिकलेली सून असो, या पथ्यापुढं तिचं काही चालत नाही. एका सभेत विद्वान बोलून बोलून थकले, तेव्हा मावशी उठली आणि म्हणाली, “अगं, पारा म्हणजे नदीची रेमा. आता कळलं?”

कळलं. दहा वर्षांत जे कागदांना जमलं नव्हतं ते एका वाक्यानं झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मावशी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा तीच गोष्ट सांगत बसली. तिला गर्व झाला होता, आणि तो व्हावा असंच तिनं काम केलं होतं.

इव्हानेते ही गावातली एकोणीस वर्षांची पोर. नवरा वर खाणीत, गाळ उपसायच्या तराफ्यावर. तिला मुलगी झाली, मायारा. मावशीनंच नाळ कापली. मायारा दोन महिन्यांची झाली आणि लसीची बोट यायची होती, त्याच आठवड्यात खाणीतून नवऱ्याचा फोनवर निरोप आला: लसीच्या बाटलीत पारा असतो, पोरीला टोचू देऊ नकोस. हा बाबा स्वतः रोज उघड्या हातानं पारा कालवतो आणि तव्यावर जाळून त्याचा धूर पितो. पण लेकीची काळजी खरीच होती, तिला हसून कसं चालेल? गावात त्या वेळी पाच तान्ही मुलं होती. निरोप पाचही घरी पोचला.

बायका मावशीकडं आल्या. दुसरी कुणी असती तर ‘कसला पारा नि कसलं काय’ म्हणून मोकळी झाली असती. मावशीला खोटं बोलता येत नसे. बोट लागल्यावर ती आधी एकटी नर्सकडं गेली. नर्सनं बाटलीचा कागद वाचून दाखवला. एका बाटलीतून बऱ्याच मुलांना टोचायचं, म्हणून औषध नासू नये यासाठी पाऱ्याचा किंचित अंश घातलेला असतो. पण तो निराळ्या जातीचा, थोड्या दिवसांत शरीराबाहेर पडतो. माशातला तसा लवकर निघत नाही. रोज खाल्ला की साठत जातो. मावशीला ते नीट समजलं. तिनं धक्क्यावर येऊन सगळं तसंच्या तसं सांगितलं. पण ‘आहे, पण’ म्हटल्यावर ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकलं नाही.

“मावशी,” इव्हानेते म्हणाली, “बाळंतिणीला रेमाचा एक लहान घास चालतो का गं?”

मावशीनं मायाराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

“तुझ्या वेळी तू खाल्ला होतास?”

“नाही.”

“मग हिला कसा चालेल? आणि हिला तर सरळ रक्तात द्यायचाय.”

“माशातून रोज जातोच आहे की पोटात.”

“माशाला नाही म्हटलं तर खायचं काय? सुईला नाही म्हणता येतं.”

रेमाला थोडी आणि फार नसते; एक घासही बाधतो. ते मावशीनं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं आणि तेच तिनं साऱ्या गावाला पाऱ्याच्या नावानं पढवलं होतं. पाचही मुलं न टोचताच घरी गेली. बोट पुन्हा दोन महिन्यांनी येणार होती.

पाच आठवड्यांनी शाळेतल्या मुलांना डांग्या खोकला लागला, ज्याची लस त्या बाटलीत होती तोच. मोठी मुलं खोकून खोकून तरली. मायाराला तर खोकताही येईना. ती श्वास विसरायची, ओठ निळे पडायचे, आणि हलवलं की पुन्हा घ्यायची. शहर नदीनं सात तास. मावशीनं मोटारीची होडी मागून आणली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली. चौथ्या तासाला पोर श्वास विसरली ती विसरलीच. मावशी तिला अर्धा तास हलवत राहिली, तोंडानं वारा भरत राहिली. शेवटी होडीवाल्यानं न विचारता होडी वळवली.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि मावशी इव्हानेतेकडं गेली. खरं सांगायचं असं ठरवून गेली होती, कारण गावात अजून चार मुलं तशीच होती. इव्हानेतेनं तिला बसायला झोपाळा दिला आणि आपणच बोलायला लागली.

“मावशी, कुणाला सांगू नकोस. बाळंतपणाच्या एकतिसाव्या दिवशी घरात नुसतं कसाव्याच्या कंदाचं पीठ होतं. शेजारणीनं सुरुबीचे दोन तुकडे दिले. मी खाल्ले. माझ्या दुधातून रेमा गेली तिला.”

“नाही गं पोरी. माशानं नाही गेली.”

“मग कशानं?”

“डांग्या खोकल्यानं.”

इव्हानेतेनं मान वर केली. डोळे कोरडे होते. “सुई दिली असती तर जगली असती?”

हो म्हणायचं होतं. त्यासाठीच ती आली होती. पण समोर एकोणीस वर्षांची पोर बसली होती, आणि तो ‘हो’ तिच्या उरात कायमचा रुतला असता. मावशी म्हणाली, “देवाला ठाऊक.”

“बघ,” इव्हानेते म्हणाली, “म्हणजे सुरुबीच.”

तिनं पुढं आपणच रडत रडत साऱ्यांना सांगितलं. आठवड्यात चारही घरांतून सुरुबी बंद झाला आणि पथ्यं दुप्पट कडक झाली. मग मावशी घरोघर फिरली. मी चुकले, पारा म्हणजे रेमा नव्हे, पोरांना टोचून घ्या, म्हणून हात जोडले. कुणी तिला दार लावलं नाही. कॉफी दिली, बसवलं. तिघींनी नुसतं ऐकून घेतलं. दुःखानं म्हातारीचं डोकं जागेवर नाही, असं समजून ऐकलं. चौथीनं मात्र तिचा हात हातात घेतला.

“मावशी, तू शहाणी होतीस तेव्हा जे सांगितलंस, ते आम्ही धरून बसलोय. आता तूच ते सोडायला सांगू नकोस.”

बोट आली त्या दिवशी मावशी निळं जाकीट घालून धक्क्यावर उभी राहिली. हातात चार मुलांची कार्डं होती. नर्सनं सुया मांडल्या, बर्फाचा डबा उघडला आणि किती मुलं आहेत म्हणून विचारलं. मावशीनं वर गावाकडं पाहिलं. चारही घरांची दारं उघडी होती, आणि कुणी बाहेर आलं नाही.