सांबर, सांबार

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आमच्या अध्यापक विद्यालयाने आदर्श पाठासाठी एका विद्यार्थिनीची निवड केली. ती मी नव्हते.

जिल्हा परिषदेतून अधिकारी येणार होते आणि त्यांच्यासमोर पहिलीच्या वर्गाला एक पाठ घ्यायचा होता. शिक्षकांची भरती परीक्षेच्या गुणांवर होते. या पाठाचा नोकरीशी काहीही संबंध नव्हता. तरी मला तो हवा होता. माझं अक्षर वर्गात सर्वांत चांगलं होतं, चित्रं माझी चांगली होती, आणि घरी दोन पिढ्या कचेरीत काम केलेल्या असल्याने बोलणंही पुस्तकासारखं होतं. पाठ मलाच मिळेल हे मी घरी सांगून टाकलं होतं.

निवड झाली ती माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची. मी यवतमाळचीच, पण पहाटेचा अभ्यास जमावा म्हणून वसतिगृहात राहत होते. तिथे मुली एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारत. ती मारेगाव, मी यवतमाळ. तिच्या घरी कापूस आणि तूर. ती 'मले', 'तुले' बोलायची आणि बोलताना हसायची.

सराव पाठ शहराबाहेर, लोहाऱ्याच्या पुढच्या एका शाळेत असत. एक जण शिकवणार, बाकीच्या मागे बसून पाहणार आणि नंतर प्रत्येकीने एक चांगली बाब व एक सुधारणा सांगणार, अशी पद्धत होती. डिसेंबरातल्या माझ्या पाठाचा विषय होता जंगलातले प्राणी. मी जाड कागदावर मोठी चित्रं काढली होती. वाघ, अस्वल, मोर ठीक झाले. मग मी शिंगांचं चित्र वर धरलं.

"हे काय आहे?"

"हरीण!"

"हरणासारखंच, पण मोठं. याला सांबर म्हणतात."

 पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "सांबार तं भाजीत टाकते, मॅडम."

"मायी मायबी टाकते," दुसरी म्हणाली.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला माहीत होतं. बाजारात भाजीवाला तेच ओरडतो. आमच्या घरात मात्र कोथिंबीर म्हणायची शिस्त होती.

"नाही," मी म्हणाले. "भाजीत टाकतात ती कोथिंबीर. म्हणा, कोथिंबीर."

"कोथिंबीर!" सगळे म्हणाले.

मी चित्राकडे बोट केलं. "मग हे काय?"

"कोथिंबीर!"

मागे बसलेल्या मुली हसल्या. मार्गदर्शक मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी लिहिलं. मी पुढचं चित्र घेतलं.

त्या संध्याकाळी मारेगाव खोलीत शिरली ती पोट धरूनच. "काय वं यवतमाळ, तुया वर्गात तं कोथिंबीरले शिंगं फुटले!" जेवणाच्या वेळेपर्यंत हे वाक्य वसतिगृहभर झालं होतं. भाजीवर कोथिंबीर दिसली की कोणी ना कोणी म्हणायचं, "सांभाळून घे वं, ढुशी मारन."

तिचा पाठ पुढच्या आठवड्यात होता. आदल्या दिवशी तिने माझं चित्र मागितलं.

"ते शिंगावालं दे नं मले. माया हातानं काढलं तं बकरी होते."

"कशाला हवं?"

"पाह्यशीन नं उद्या."

मी दिलं. न देण्यासाठी कारण नव्हतं.

तिने बाजारातून हिरवीगार जुडी आणली होती. ती वर्गात सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. मुलं ओरडली, "सांबार!" ती म्हणाली, "बराबर." मग माझं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. "आन् हे सांबर. जंगलात राहाते. याले भाजीत टाकाचं का?" मुलं हसून लोळायला आली. हसणं ओसरेपर्यंत तिने फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले. सांबर. सांबार.

"आता मले सांगा, दोनीत फरक काय हाय?"

शेवटच्या ओळीतली एक मुलगी उठली, फळ्यापर्यंत आली आणि काना बोटाने दाखवला.

"पाहा," मारेगाव म्हणाली, "एक काना लावला का जंगलातलं जनावर भाजीच्या गंजात पडते." तिने काना पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. मुलं दर वेळी ओरडून शब्द वाचत होती. शेवटी तिने जुडी उचलून सांगितलं की हिचं पुस्तकातलं नाव कोथिंबीर आहे, आणि तो शब्दही फळ्यावर लिहिला.

त्या वर्गात काना शिकवायचा होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही शब्द आधी माझ्या पाठात आले होते. चित्र माझं होतं. मला त्या दोन शब्दांत काना दिसला नव्हता. मागच्या बाकावर बसून मला हेवा वाटला, आणि तो तिच्या गुणांचा नव्हता. माझ्या हातातून निसटलेली गोष्ट तिने सहज उचलली, याचा होता.

चर्चेत माझी पाळी आली. चांगली बाब म्हणून मी फलकलेखन सांगितलं. सुधारणा म्हणून सांगितलं, "शिक्षिकेने 'मले', 'हाय' असे शब्द वापरले. वर्गात प्रमाण भाषा वापरायला हवी."

"नोंद बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलं काय शिकली?"

"काना."

"बसा."

बाहेर आल्यावर मारेगावने माझा दंड धरला. "खरंच 'मले' म्हनलं का मी? मले तं समजलंच नाही." ती चेष्टा करत नव्हती.

निवड जाहीर झाल्यावर तिने मलाच गाठलं. साहेब लोकांसमोर शुद्ध बोलावं लागेल, तर तू शिकव. रोज दुपारी मी खुर्चीत बसून तिचं बोलणं दुरुस्त करायची. ती 'मला सांगा' म्हणायची आणि लगेच स्वतःच हसायची. तिचं बोलणं सुधारत गेलं तसं ते सपाट होत गेलं. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तिला ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

आदर्श पाठाच्या दिवशी भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या. तिने जुडी हातात घेऊन सुरुवात केली, "मुलांनो, मला सांगा, हे काय आहे?" मुलं तिच्याकडे पाहत राहिली. तिने पुन्हा विचारलं. एक अधिकारी घड्याळाकडे पाहत होते. पाठ फसतो आहे असं मला वाटलं आणि मी पुढे सरकून बसले. ते पाठ फसण्याच्या भीतीने होतं की आशेने, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही.

तिने जुडी टेबलावर ठेवली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "पोट्टेहो, मले सांगा बरं, हे काय हाय?"

सगळा वर्ग एकदम ओरडला. तिथून पुढे पाठ सराव पाठापेक्षाही चांगला झाला.

संपल्यावर अधिकाऱ्यांनी तिला बोलावलं. या दोन शब्दांची कल्पना कुठून सुचली, असं विचारलं. मी फळा पुसत होते. तिने मान वळवून माझ्याकडे बोट केलं.

"हिच्या पाठातून, सर. चित्रबी हिचंच हाय."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग ते पुन्हा तिच्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"मारेगावकडचं," ती म्हणाली.